बिनपायांचा पक्षी

चौथ्या तासाला नववी ‘ब’च्या वर्गावर मी वटवाघूळ शिकवत होते. फळ्यावर ‘कायरॉप्टेरा’ लिहून मधोमध खडूची उभी रेघ मारली आणि सवयीनं म्हणाले, कायर म्हणजे हात, टेरॉन म्हणजे पंख, ज्याच्या हाताचाच पंख झालाय तो प्राणी. एप्रिल लागला होता. शाळेच्या मागच्या भिंतीला चिकटून लूमचा कारखाना आहे, त्याची खटखट वर्गात अशी भरून राहते की ती थांबली तरच पोरं मान वर करून बघतात. शेवटच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बेन, आ तो चामाचीडियुं छे,” आणि वर्ग हसला. मराठी शाळेत मराठी बाईला बेन म्हणणाऱ्या या पोरांवर मी पूर्वी चिडायचे. आता चिडायलाही अंगात जोर लागतो आणि तो सुरतेच्या या उधन्याच्या उन्हात कुठून आणायचा, म्हणून “हो, तेच ते,” म्हणून मी पुढे गेले. तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी दाराकडे बोट करून म्हणाली, “बेन, कोई आव्युं छे.” दारात गोपाल उभा होता, माझा धाकटा भाऊ. हातात दोऱ्यानं बांधलेला बर्फीचा पुडा, शर्टाची पाठ घामानं चिकटलेली. दीड वर्षात मी त्याला पाहिलं नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात गेले तसा तो म्हणाला, “अक्का, आंडेर व्हयनी माले,” आणि मुलगी झाली हे सांगून माझ्या पाया पडायला वाकला. आणि मी मागे सरकले. मी ठरवून काहीच केलं नाही, आधी पाय सरकले, मग मला कळलं. माझी पाठ दाराच्या चौकटीवर आपटली, त्याचा आवाज झाला, आणि गोपाल तसाच वाकलेला, दोन्ही हात हवेत, जिथं माझे पाय होते तिथं आता फरशी. सगळा वर्ग बघत होता. मग तो हळूच सरळ झाला आणि पुडा कठड्यावर ठेवून दोन पावलं मागं गेला. “गुरुवारले बारसं शे,” तो म्हणाला. “आत्या पाहिजे ना. नाव तूच ठेवजो. तू शास्त्रनी नावं शिकाडस, तुले माहीत.” मी म्हटलं, बघते. त्याला पाणीही विचारलं नाही. तो गेल्यावर वर्गात येऊन वटवाघळाचा पंख पूर्ण केला, चार बोटं नीट लांब लांब काढली, अंगठा आखूड काढला, आणि तास संपेपर्यंत माझी पाठ दुखत राहिली.

नावं शिकवते, हे त्याचं खरं आहे. पंचवीसेक वर्षं मी तेवढंच करत आले आहे. धुळ्याला कॉलेजात असताना प्राणिशास्त्राचे एक सर होते, सदरा नेहमी चुरगळलेला आणि आवाज बारीक, ते म्हणायचे, नाव पाठ करू नका, सोला. शेंग सोलतात तसं सोलायचं, आत दाणे निघतात. हिप्पोपोटॅमस सोलला की हिप्पो म्हणजे घोडा आणि पोटॅमॉस म्हणजे नदी, नदीतला घोडा. सूर्यफुलाचं हेलिअँथस सोललं की हेलिऑस म्हणजे सूर्य, अँथॉस म्हणजे फूल. वर्गातल्या बाकीच्यांना ही ब्याद वाटायची, मला मात्र त्याचं वेड लागलं. आमच्या गावी माणसांची नावंही जो तो हवी तशी मोडतो, सखारामचा सख्या आणि सरस्वतीची सरसी, आणि इथं कुणी परक्या देशातल्या माणसानं शेकडो वर्षांपूर्वी एका बोरीला, एका पाखराला किती जपून नाव दिलेलं. मला तेव्हा वाटायचं, ज्याला नीट नाव आहे त्याचं जगात काही वाईट व्हायचं नाही. पुढे नोकरी लागली, भटूशी लग्न झालं, तो उधन्याच्या एका डाइंगमध्ये रंग चढवायला, मी या शाळेत, आणि दरवर्षी नव्या नववीला मी नावं सोलून द्यायला लागले. दाणे तेच, पोरं नवी. एखाद्या वर्षी एखादी मुलगी डोळे मोठे करून ऐकायची, तेवढ्यावर पुढची दोन-तीन वर्षं निघायची. गेली दीड वर्षं मात्र शिकवताना तोंडातून शब्द निघतात आणि मी कुठंतरी बाजूला उभी राहून ते ऐकते, कोण बोलतंय म्हणून. दमलेय मी. कामानं माणूस दमतं तेव्हा झोप लागते. हा थकवा झोपेनं जात नाही.

माझा एक आवडता धडा होता, पुस्तकात नसलेला, तो मी वर्षातून एकदा शिकवायचे. स्वर्गीय पक्षी नावाचा एक पक्षी आहे, लांब सोनेरी पिसाऱ्याचा. त्याच्या मोठ्या जातीचं शास्त्रीय नाव पॅराडिसिया अपोडा. ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘पूस’, ‘पोडॉस’ म्हणजे पाय. बिनपायांचा. पोरं चित्र बघून म्हणायची, पण बाई, पाय तर आहेत. मग मी सांगायचे की तिकडच्या बेटांवरचे लोक या पक्ष्याचं कातडं सुकवून विकताना पाय कापून टाकत, व्यापाऱ्यांनी तशीच कातडी युरोपात नेली, आणि तिथल्या शहाण्यांना वाटलं की या पक्ष्याला पाय नसतातच, हा बसतच नाही, जन्मभर उडत राहतो. त्यावरून नाव पडलं. पुढे पायांसकट पक्षी मिळाला, सगळ्यांना चूक कळली, पण नाव बदललं नाही. कारण शास्त्रात नियम असा की रीतसर आधी दिलेलं नाव ते नाव, अर्थ चुकलेला असला तरी. आपल्यात म्हणतात ना, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं. पोरं हसायची, मीही हसायचे. या वर्षी तो धडा मी शिकवला नाही. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगितलं होतं.

घरी गेले तेव्हा भटू नुकताच पाळीवरून आला होता आणि मोरीत हात धूत होता. डाइंगमधला निळा रंग त्याच्या नखांतून जात नाही, तरी तो रोज तेवढाच वेळ घासतो. बर्फीचा पुडा बघून म्हणाला, “कोणी दिना?” मी सांगितलं. त्यानं नळ बंद केला. टॉवेलनं एकेक बोट पुसलं. “मी नही येवाव,” तो म्हणाला. “तू जाय. भाऊ शे तुना.” मी म्हटलं, माझाही पाय निघत नाही. तो टॉवेल वाळत घालायला गेला. चौऱ्याण्णव सालचा तो भाद्रपद आमच्या दोघांच्या मध्ये खाटेसारखा टाकलेलाच असतो, येता-जाता पायाला लागतो.

गणपती नुकतेच उठले होते. सुरतेत प्लेग आला म्हणून एका रात्रीत बोंब झाली आणि सकाळी पाहावं तर उधन्याचा सगळा रस्ता गाठोडी घेऊन स्टेशनाकडे चाललेला. लूम थांबले होते. ती शांतता मी कधी ऐकली नव्हती, तिच्याच भीतीनं मी कपडे भरले. भटूच्या अंगात तेव्हाच कणकण होती. पेपरात पिसवेचं मोठं चित्र आलं होतं आणि खाली तिचं नाव, झेनोप्सिला. गाडीत दाराशी चेंगरून उभी असतानाही माझं डोकं सवयीनं ते सोलत होतं, झेनॉस म्हणजे परका, प्सिला म्हणजे पिसू, परकी पिसू. दोंडाईच्याला उतरून टेम्पोनं गावाच्या वेशीशी आलो तर वेशीवर माणसं उभी. सुरतेचं कुणी गावात येणार नाही असं ठरलं होतं. त्या माणसांत गोपाल होता, तोंडाला रुमाल बांधलेला. ज्याला मी कडेवर घेऊन पाटावर न्यायचे, ज्याच्या नाकाला माझा पदर असायचा, तो पाच हातांवरून म्हणाला, “अक्का, शेतमा गोठा शे, तठे ऱ्हावा.” त्याला बोल तरी कसा लावू? गावाविरुद्ध जाणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं आणि घरात नवी बायको होती. गोठ्यात जागा होती, चारा होता, विहीर होती. भटूला खाटेवर टाकलं आणि मी कपाशीकडे बघत बसले.

जेवण गोपालची बायको चंचल आणायची. तिच्या लग्नाला चार महिने झाले असतील, हातातला चुडा अजून नवा. ती बांधावर थाळी ठेवायची आणि कैऱ्या पाडायच्या आकडीनं, त्या लांब बांबूनं, ती थाळी हळूहळू आमच्याकडे ढकलायची. हात थरथरायचा, वरण सांडायचं, ते मातीत मिसळायचं. डोळे वर करायची नाही. एकदा भटू तापातच खाटेवर उठून बसला आणि ओरडला, “मी काय कुत्रं शे का?” चंचल आकडी टाकून पळाली. त्या दिवशी भाकरी बांधावरच राहिली, ती मी जाऊन आणली, त्याला खायला घातली. ताप हिवतापाचा होता. गोळ्यांनी उतरला, नेहमीसारखा, घाम येऊन. तसं मी गोपालला लांबून ओरडून सांगितलंही, पण कुणाला काय पडलं होतं त्याचं. गावानं नाव आधीच देऊन ठेवलं होतं. बांधापलीकडून गुरं हाकणारी बायामाणसं म्हणायची, “ती देख, पिलेगवाली.” मी प्लेगचं सगळं शास्त्र शिकवू शकणारी बाई, आणि मला त्यांना एवढंही पटवता येत नव्हतं की माझ्या नवऱ्याला फक्त ताप आहे. निघायच्या दिवशी गोपाल स्टँडवर आला होता, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. मधून एक ट्रॅक्टर गेला आणि तेवढ्यात आमची गाडी सुटली. आता सुरत स्वच्छ झालंय, रस्ते रोज झाडतात, सगळे कौतुक करतात. मीही नळावर हात धुते, पुन्हा धुते. बसमध्ये शेजारी कुणी बसलं की खांदा आत ओढते. वर्गात पोरी वही दाखवायला जवळ आल्या की म्हणते, लांबून दाखव. हे मी करते आहे हे मला ठाऊकच नव्हतं, गोपाल वाकेपर्यंत. लोकांनी मला हात लावला नाही म्हणून मी रडले होते. आता मलाच कुणाचा हात नको होता.

बुधवारी पहाटे भटूनं मला उठवलं. पिशवीत त्यानं एक कापड घातलं होतं, पिवळं, बारीक फुलांचं, मऊ. “झबलं शिवा म्हणा,” तो म्हणाला. “रंग पक्का शे, मी चढाडेल शे.” मी विचारलं, तू येत का नाहीस मग? तो म्हणाला, “माले बोलावं नही त्यानी. तुले बोलायं.” त्यात राग नव्हता, हिशेबही नव्हता, नुसतं खरं होतं. मला त्याचं एवढं वाईट वाटलं की मी चहाच घेतला नाही.

गाडीत खिडकी मिळाली. चलथाणच्या आसपास साखर कारखान्याचा तो गोड, आंबूस वास डब्यात शिरला आणि उसाचे ट्रॅक्टर फाटकाशी अडकलेले दिसले. उसाचं नाव सॅकरम. ग्रीकांचा साखरेचा शब्द, आणि त्यांनी तो नेला आपल्याच शर्करेवरून, परत आला तेव्हा आपल्याला ओळखू आला नाही. इतके दिवस मी हे फार मौजेनं सांगत असे. आज वाटलं, एवढं हिंडून येऊन शेवटी काय, ऊस तो ऊसच. मग मी मुलीच्या नावाचा विचार करायला लागले, कारण निघताना मी ठरवलं होतं की निदान ते काम तरी नीट करायचं. नाव ठेवायचं आत्यानं आणि नावं ठेवायची गावानं, अशी आमच्याकडची वाटणी, पण आत्याचं नाव आधी येतं आणि आधी आलं की ते राहतं. त्याचीच भीती वाटत होती. सुंदर नाव द्यावं आणि पोर सावळी, नाकानं बसकी निघावी. लक्ष्मी ठेवावं आणि जन्मभर तिनं दुसऱ्याची कपाशी वेचावी. आत्यानं माझं नाव सुषमा ठेवलं, सुषमा म्हणजे शोभा. शोभा कसली, मी ती गोठ्यातली. नंदुरबार जाईपर्यंत मी ग्रीक सोललं, संस्कृत सोललं, बाजूच्या बाईनं दिलेलं केळं सोललं, आणि एकही नाव असं सापडेना की ज्याचा पुढे खोटेपणा होणार नाही. गुण सांगणारं नाव नकोच. जे घडून गेलंय, जे कुणाला नाकारता येणार नाही, तेवढंच नावात घालावं, असं काहीसं मनात आलं आणि मग ऊन लागून माझा डोळा लागला.

वेशीवर आता कुणी नव्हतं. पारावर दोन-तीन पोरं खेळत होती, त्यातलं एक मला बघून दुसऱ्याला म्हणालं, “पिलेगवाली उनी रे.” त्याला त्याचा अर्थ ठाऊक नसावा. त्याच्या लेखी ते माझं नावच होतं, सखारामचं सखाराम असतं तसं. मी पदर सारखा केला आणि चालत राहिले. गोपालच्या घरी रात्री मला आतली खोली दिली, नवी चादर घातली, चंचलनं ताट स्वतः पुढ्यात आणून ठेवलं. ठेवताना तिचा हात माझ्या हाताजवळ आला आणि मी पाण्याचा तांब्या उचलायचं निमित्त करून हात काढून घेतला. तिला ते कळलं. तिनं खाली बघितलं, आकडी धरून बघायची तशी. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. मी वरणात मीठ बरोबर आहे म्हणाले.

बारशाला ओसरी बायांनी भरली. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली तांदळावर दिवा. आमची म्हातारी चुलतकाकू शोभाबाई सगळं पुढे होऊन करत होती. पोरीला पाळण्याखालून-वरून दिलं-घेतलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, आणि बाया हसून गोपालकडे बघायला लागल्या, तसा तो लाजून बाहेर गेला. मग पोरीला पाळण्यात ठेवलं. “चाल व आत्या, पुढे व्हय,” शोभाबाई म्हणाली. आमच्याकडची रीत अशी की आत्यानं पाळण्यात वाकून पोराच्या कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं, आणि त्याच वेळी मागच्या बायांनी तिच्या पाठीत चांगले दणादण धपाटे घालायचे. जितके जास्त धपाटे तितकी आत्या लाडकी. लहानपणी मी आत्याला असं मारलेलं आहे, पोटभर. मी वाकले. पोरीला तेलाचा, दुधाचा, शेगडीच्या धुराचा वास होता. कान एवढासा, वर बारीक लव. मी म्हटलं, कुर्र.

पाठीवर काही पडलं नाही. मागच्या बांगड्यांचा आवाज एकदम थांबला होता, लूम थांबतात तसा. मी वळून बघितलं नाही, पण मला सगळं दिसत होतं, हात उचललेले, एकमेकींकडे बघणाऱ्या बाया, कुणी आधी हात लावायचा ते ठरत नव्हतं. शास्त्र सांगून झालं, दीड वर्ष झालं, मी सगळ्यांच्या देखत त्यांच्याच घरात जेवले, तरी ते नाव माझ्या पाठीवर तसंच होतं. आणि सगळ्यात वाईट हे की मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. कुणी हात लावणार नव्हतं, पटकन नाव सांगायचं, उठायचं, दुपारची गाडी गाठायची, उधन्याला जाऊन नळाखाली हात धरायचे. त्या बरं वाटण्याची मला इतकी भीती वाटली की मी पाळण्याची कड घट्ट धरली. असंच होणार होतं का पुढे, जमिनीला टेकायचंच नाही? मला पाय आहेत, असं ओरडून सांगावंसं वाटलं, आणि कुणाला काही कळलं नसतं.

पाळण्याच्या पलीकडे बसलेली चंचल उठली. बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं, पाळण्याच्या दोरीला धरत धरत ती माझ्या मागे आली. “तुमना हात मोडनात का वं?” ती बायांवर ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. तो बारशाचा लाडाचा धपाटा नव्हता. उघड्या पंजाचा, सगळं अंग लावून मारलेला, माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि कपाळ पाळण्याच्या कडेला लागलं. दुसरा बसला. तिसऱ्याला मला कळलं की ती रडते आहे. “बोल ना अक्का,” ती म्हणाली, “नाव सांग ना, सांग!” मग शोभाबाईचा हाडकुळा हात पडला, मग कुणाकुणाचे पडले, बांगड्या वाजायला लागल्या, कुणीतरी हसलं. पाठ पेटल्यासारखी झाली होती. मी पोरीच्या कानाला ओठ लावले आणि म्हटलं, चैताली. चैत्रात आली म्हणून. त्यात चुकायला काही जागाच नव्हती, पुढे ती कशीही निघो, कुठंही जावो, चैत्रात ती आली होती आणि ते तिच्याकडून कुणाला काढून घेता येणार नव्हतं. कानात सांगायचं ते मी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की पोर दचकून रडायला लागली आणि बाहेरून गोपालनं विचारलं, “काय ठेवं नाव? काय ठेवं?”

बाया पाळण्याभोवती गोळा झाल्या, नाव तोंडात घोळवून बघायला लागल्या, शोभाबाई घुगऱ्या वाटायला उठली. धपाटे थांबले. एक हात मात्र माझ्या पाठीवर तसाच राहिला, गरम, घामेजलेला, थरथरणारा. मी ओळखला तो. सरकायला डाव्या बाजूला भरपूर जागा होती. मी सरकले नाही.